दाईच्या दंडावरचे दात

ओव्याच्या धुरीचा वास आला की माझ्या तोंडात रक्ताची चव येते. मी पाच वर्षांची होते आणि आईची मांडी बळकावणारा तान्हा भाऊ मरावा, असं मला रोज वाटे. त्या सकाळी नागपूरच्या आमच्या अंगणात धुरी पेटली होती. दाईने त्याला पायांवर पालथं घालून हातपाय ताणले, वर कढत पाणी ओतलं, तसा तो किंचाळून काळानिळा पडला. मी धावत जाऊन तिच्या दंडाला रक्त येईस्तोवर चावले. आईने थोबाडीत मारली. "काहून चावली वं तिले?" "ती त्याले मारून राहिली!" मी ओरडले. दाई रक्त पुसत हसली, "मारू नको वं पोरीले, भावाले राखणदार भेटली." आजही कुणी दुबळा किंचाळला की माझे दात आवळतात; फक्त चावण्याआधी समोर दाई आहे की मारेकरी, एवढं बघते.