हनुवटीखालचा हात

हनुवटीआबा पेशंटच्या हनुवटीखाली तळहात लावायचे आणि त्याच क्षणी त्याच्या वर्मावर बोट ठेवायचे. डॉक्टरांच्या हातात भुलीची सुई, पेशंटचे डोळे त्या सुईवर, आणि वरून आबांचा शांत आवाज: "काय रं, तालमीत जात व्हतास म्हणं. वस्तादानं आखाडा झाडायला ठिवलं व्हतं का तुला?" पेशंट चिडून काही बोलणार, तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची.

लोणावळ्याच्या बाजारपेठेत, चिक्कीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचा दातांचा दवाखाना आहे. "खाली दात पाडायचे, वर काढायचे," असे आबा म्हणत. मी तिथे पंधरा वर्षे काउंटर सांभाळते. वेळा देणे, नोंदी ठेवणे, सामान मागवणे हे माझे काम. आबा जवळच्याच वलवण गावचे. खालची अक्कलदाढ काढताना डॉक्टर जोर लावतात, तेव्हा जबडा खालून कोणीतरी पेलावा लागतो, नाहीतर कानापाशी सांध्यावर ताण येतो. जुन्या डॉक्टरांनी आबांना गावात बैलाला बांबूच्या नळीतून औषध पाजताना पाहिले होते. बैलाचे तोंड आबांच्या काखेत आणि बैल गप्प. डॉक्टरांनी तिथेच विचारले, "माणसांची तोंडं धराल का?"

"धरीन की," आबा म्हणाले. "बैलाला शिंगं तरी असत्यात."

दाढ दुखणारा माणूस आमच्याकडे सरळ येत नाही, घरातले उपाय संपले की येतो. त्याने काय काय केले आहे ते आबा नुसत्या वासावरून ओळखत. कामशेतचा एक रिक्षावाला गालावर हात धरून आला. आबांनी वाकून वास घेतला. "लवंग, तुरटी, तपकीर. आख्खं किराणा दुकान भरलंस की. आता दाढ ठिवायला जागा कुटंय?" एका बाईंनी दुखण्याची गोळी कुटून दाढेशी दाबून ठेवली होती. हिरडी भाजून पांढरी पडली होती. आबा म्हणाले, "मावशे, पाय दुखला तर गोळी चपलंत ठिवतीस का?" बाईंच्या डोळ्यांत पाणी होते, तरी बाकावरचे सगळे हसले. आबा हसले नाहीत. ते कधीच हसत नसत, त्यामुळे बोलणे अधिक लागे.

त्यांचे सल्ले मात्र चोख होते. कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ. बर्फ फडक्यात गुंडाळून गालाला बाहेरून लावायचा, शेक अजिबात नाही, शेकाने सूज वाढते. दाढेमागे अन्न अडकू द्यायचे नाही. ताप आला, गिळता येईना किंवा तोंड दोन बोटेही उघडेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. त्यांच्या बोलण्यातले तिखट काढून मी या सूचना लिहून काउंटरच्या काचेखाली ठेवल्या. आबांनी वाचून पाहिल्या. "बरं लिवलंय. पर हे वाचून कोन ऐकनार? मी सांगितलं म्हंजी लाजंनं तरी ऐकत्यात."

माझ्या याद्यांवरून मला ते लिष्टबाई म्हणत. "लिष्टबाई, तुमी चितंवर चढायच्या आदी लाकडं मोजून घ्याल," असे त्यांनी एकदा भर गर्दीत सुनावले. मी चिडले. आणि चिडल्यावर तासभर माझी पाठदुखी आठवली नाही, हेही खरे.

एकदा डबा खाताना मी विचारले, "आबा, समोरचा आधीच कळवळत असतो. वर तुम्ही टोचता कशाला?"

"त्यापायीच," ते म्हणाले. "भ्यालेलं माणूस आवळून बसतं. त्याचा जबडा धरला तर माज्या हातात दगड येतो. चिडलेलं माणूस सैल पडतं. मला घरी जाऊन चार शिव्या दील. दिऊ दे. मी काय हितं लाड करून घ्यायला आलोय व्हय?"

सगळ्यांच्या ओठांवर येणारा अक्कल आणि दाढेचा विनोद आबांनी कधी केला नाही. ते माणूस बघून बोलत, म्हणून तर जखम व्हायची.

इंदुरीचे बाळूभाऊ आले तेव्हा त्यांची बायको जाऊन महिना झाला होता. गाल इतका सुजलेला की एक डोळा अर्धा मिटलेला. जुन्या डॉक्टरांनी आधी औषधे देऊन सूज उतरवली आणि पाचव्या दिवशी दाढ काढायला घेतले. सुई दिसताच भाऊ ओरडू लागले, खुर्चीतून उठू लागले. आबांनी हनुवटी धरली आणि बाहेर मलाही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "बायकू गेली तवा टिपूस काडलं न्हाईस म्हणं. आन् दाढंला गळा काडतोस व्हय?"

भाऊंचे ओरडणे थांबले आणि ते खुर्चीत मागे टेकले. दाढ दहा मिनिटांत निघाली. नंतर भाऊ बाकावर बसले आणि तोंडात कापसाचा बोळा दाबून हुंदके देऊ लागले. असे किती वेळ बसले होते कोण जाणे, मी पुढचे दोन पेशंट आत पाठवले. आबा शेजारी जाऊन बसले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला भाऊंच्या हाताशी ठेवला आणि आत निघून गेले.

दोन वर्षांपूर्वी जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि डॉक्टर मॅडम आल्या. हुशार, हलक्या हाताच्या. त्यांच्या पहिल्याच महिन्यात पुण्याच्या, इथे बंगला बांधलेल्या एका पेशंटने दवाखान्याबद्दल इंटरनेटवर वाईट लिहिले. आबांनी त्याला विचारले होते, "एवढा मोठा बंगला बांधला, त्यात भ्यायला वेगळी खोली हाय का?" मॅडमनी मला बोलावले. "आबांबद्दल आधीही तक्रारी होत्या का?"

मला कोणतेही काम अर्धवट करता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना नऊ प्रसंगांची यादी दिली, तारखांसकट. बाळूभाऊंचा प्रसंग सातवा होता. भाऊंनी तक्रार केली नव्हती. तो मला सहन झाला नव्हता, म्हणून मी तो घातला. मॅडम सातव्यावर थांबल्या. पुढचे दोन त्यांनी तेव्हा वाचलेच नाहीत.

आबांना खुर्चीपासून दूर केले. त्यांनी बाहेर बसायचे, नावे पुकारायची, बाक पुसायचे. मॅडमनी त्यांना समोर बसवून सगळी यादी वाचून दाखवली. तारखा ऐकल्यावर ती कोणी केली हे विचारायची गरज उरली नाही. ते बाहेर आले आणि काउंटरपाशी उभे राहिले. "नऊच? मला वाटलं व्हतं लिष्टबाई काम नीट करत्यात."

त्यांनी मला त्या नावाने म्हटले ते तेव्हाच शेवटचे.

पुढे बाळूभाऊ दुसऱ्या बाजूची दाढ घेऊन आले. आबा बाहेर बाकावर दिसताच म्हणाले, "तुमी हितं? मग आत माजं मुंडकं कोन धरनार?" मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, त्या दिवशी आबा तसं बोलले, तुम्हाला राग नाही आला?"

"आलता की. लय आलता," भाऊ म्हणाले. "पर घरात जो त्यो म्हनायचा, खंबीर ऱ्हा, पोरांकडं बघ. महिनाभर छातीवर धोंडा घिऊन फिरत हुतो. आबानं त्यो फोडला."

मी हे मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, "एकाला बरं वाटलं म्हणून ती पद्धत होत नाही." त्यांच्या जागी मीही हेच म्हटले असते.

गेल्या पावसाळ्यात माझीच खालची दाढ उठली. मीठपाणी, बर्फ, गोळ्या, सगळे वेळेवर केले. सूज उतरली, दाढ काढायचा दिवस ठरला, आणि खुर्चीत बसल्यावर माझा जबडा मिटला. मॅडम गोड आवाजात समजावत होत्या. पंधरा वर्षे मी दुसऱ्यांना त्या खुर्चीकडे पाठवत आले होते. मिटल्या दातांतून कसेबसे म्हटले, "आबांना बोलवा."

मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दार उघडले. आबा आले, हात धुतले, हातमोजे घातले. त्यांचा तळहात माझ्या हनुवटीखाली आला. मी वाट पाहू लागले. त्यांच्याकडे माझ्यासाठी काय काय असेल, ते मला चांगले माहीत होते. त्यातले काहीही चालले असते.

"मॅडम," आबा मला म्हणाले, "तुमी शांत ऱ्हावा. काय तरास झाला तर हात वर करा."

मी कसेबसे तोंड उघडले. सुई दिसली, टोचली, आत फिरली. नंतर दाढ हलली, कडकड आवाज झाला, आणि तो मी पूर्ण ऐकला. भीती विसरायला लावणारा राग माझ्यात कुठेच नव्हता. त्यांचा हात पूर्वीइतकाच पक्का होता, जबडा जराही निसटला नाही. अधूनमधून आवाज येत होता, "झालंच, मॅडम. घाबरू नगा, मॅडम."

शेवटी बोळा चावायला देऊन त्यांनी हातमोजे काढले. मला बोलता येत नव्हते. मी ट्रेवरचा कागद ओढला आणि लिहिले, 'आबा, काहीतरी बोला की.'

आबांनी तो कागद लांब धरून वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्याच हातात दिला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "दाढ तर निघाली, मॅडम."