ॲव्हरेज विचारू नये

रविवारी सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं, तर शेजारचे साठे आपल्या लाल गाडीला आंघोळ घालत होते. गाडी दिसायला चिमुकली, पण सुरू झाली की अख्ख्या सोसायटीच्या खिडक्या थरथरतात. तिचा रोड टॅक्स, विमा, रुंद टायर आणि महागडं पेट्रोल यांपायी साठे स्वतः ऑफिसला बसने जातात. विमा पुन्हा भरायची वेळ आली, तेव्हा वहिनींनी फर्मान काढलं होतं, "या रविवारी ती विकायचीच."

गिऱ्हाईक आलं. इंजिनाची डरकाळी संपेपर्यंत थांबून त्याने विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

साठे ताठ झाले. "अहो, वाघाला कुणी विचारतं का, दूध किती देतोस?"

गिऱ्हाईक निघून गेलं. माणूस पैसे मोजतो वेगाचे आणि राहतो गतिरोधकांच्या गल्लीत. तरी घरात एक तरी गोष्ट हिशेबाबाहेरची असावी, असं त्याला वाटतंच.

तेवढ्यात वहिनी तरातरा खाली आल्या. आता रंगणार म्हणून मी कठड्यावर रेललो. त्या गाडीत बसल्या आणि त्यांनी पट्टा लावला.

"विमा भरायचाच ना? मग चला, हायवेला एक चक्कर मारू. आणि हळू चालवलीत तर खबरदार!"