आधीच फेडलेला नवस

लातूरच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये उपासना कधीच वेळेवर सुरू होत नाही. वाट बघण्यात दुसरं काही नाही तरी किस्से मात्र भरपूर साठतात!

हे किस्से सुरू झाले शुभांगीपासून. मुखेडची पोरगी, नीटचा दुसरा अटेम्प्ट. सराव परीक्षेत सपाटून आपटली होती. वडिलांनी बजावलं होतं, "पालक सभेला येतो. सर काय म्हणतात ऐकतो, बरं न्हाई बोलले तर सामान बांध."

ती मला म्हणाली, "ताई, क्लासमधी नंबर, घरी नंबर. देवाकडंबी मेरिट लिस्टच असंल, तर आपल्या धर्मात येगळं काय?"

मी तावातावाने अकरा मुद्दे सांगितले. तिसऱ्यालाच तिनं जांभई दिली!

*

आमच्या मार्था मावशींना शेजारच्या गंगाबाईंनी विचारलं, "तुमच्या देवाला नवस काय बोलावा लागतो?"

"बोलावा लागत न्हाई. त्यानंच आधी फेडून ठेवलाय!"

"मंग दर रविवारी कशाला जाता?"

"फुकट मिळाल्यावर थँक्यू तरी म्हणावं का न्हाई?"

*

पुढे दोघींचं पाण्यावरून बिनसलं. गंगाबाईंनी नळाला मोटर लावली होती. शत्रूसाठी प्रार्थना करायची, म्हणून मावशी मोठ्यांदा म्हणाल्या, "प्रभू, त्या मोटरवाल्या बाईचं भलं कर."

भिंतीपलीकडून आवाज आला, "नाव घ्या की! देवाला कसं कळंल कोणती मोटरवाली?"

मावशींनी नाव घेतलं. मोटर बंद झाली!

*

एकदा मी पास्टरांवर चिडले. "आपलं वेगळेपण एका वाक्यात सांगा ना!"

ते खुर्च्या पुसत होते. "माणसानं वर चढावं म्हणून देव थांबला न्हाई, स्वतःच खाली उतरला. तू अजून वरच हायेस. ये खाली, फडकं घे!"

*

पालक सभेला शुभांगीनं धीर म्हणून मला आणि पास्टरांना नेलं. वडिलांची एसटी अजून यायची होती. तिथे खुर्च्यासुद्धा नंबरानं! पहिल्या नंबराचे पालक पहिल्या रांगेत. पास्टर सरळ शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले.

सरांनी विचारलं, "शुभांगीचे पालक?"

आमच्यात पास्टरांना पाळक म्हणतात. ते म्हणाले, "पाळक."

"तेच ते! तुमची मुलगी शेवटून पहिली आलीय."

"म्हणजे पहिली."

"शेवटून कुणी मोजतं का हो?"

"आमच्या बायबलात तसंच मोजत्यात."

सगळे हसले. शुभांगीची मान खाली. दारात तिचे वडील उभे होते, सगळं ऐकत.

"आता तुम्ही कोण?" सर वैतागले.

"मीबी शेवटच्या नंबरचाच," म्हणत ते पास्टरांच्या शेजारी बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"सर, पुढल्या सभेलाबी आमच्या खुर्च्या हितंच ठिवा."