उरलेलं गोचिडाचं औषध

आमच्या घरात बाटलीवरचं, पुडीवरचं, डब्यावरचं वाचायचं काम माझ्याकडे होतं. फवारणीचं औषध असो, बाबांच्या बीपीच्या गोळ्या असोत, की तहसीलमधून आलेला कागद असो. देऊळघाटच्या बाजूला आमचं गाव. सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि बी.एस्सी. पूर्ण केलेली आजपर्यंत एकटीच. हे मी सांगत फिरत नव्हते असं म्हणणार नाही. फिरत होते.

पोळ्याच्या चार दिवस आधी बाबांनी बैल धुतले आणि त्यांना गोचिडाचं औषध लावलं. हे दरवर्षीचं. बैल वेशीपर्यंत मिरवायचे, त्यांच्या कानात नाहीतर शेपटीच्या बुडाशी गोचीड दिसले तर लोक हसतात. बादलीत पाण्यात औषध कालवायचं, फडकं बुडवायचं आणि अंगभर पुसायचं. त्या सकाळी बादलीच्या तळाशी तांब्याभर उरलं. आई उरलेलं काहीच फेकत नाही. मांजरीला पिसवा झाल्या होत्या, ती दुपारची आईच्या पोटाशी झोपायची, म्हणून आईच्या हातावर लाल फोड उठले होते. आई तिला नुसती ‘बाई’ म्हणायची. म्हणाली, बाईलेही लावून देऊ, पण तू आधी वाचून पाह्य.

मी बाटली फिरवून वाचली. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा. मांजर नव्हतं. बाटलीसोबत घडी केलेला बारीक अक्षरांचा कागद होता, तो मी उघडला नाही. बादलीत आणखी थोडं पाणी टाकलं आणि म्हणाले, “कुत्र्याला चालतं, तर मांजरीला का नाही चालणार?” घरातही मी तेव्हा असं पुस्तकी बोलायचे. आईनं मांजर धरली, मी फडक्यानं पुसली. शेपटीपर्यंत, नीट.

दुपारी ती ओट्यावरून उतरताना पडली. मांजर पडत नाही, म्हणून आई हसली. मग ती उठली आणि मागचे पाय दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे एका बाजूला गेले. कान फडफडत होते, पाठीवरची कातडी थरथरत होती. वाटीतलं दूध प्यायला गेली तर तोंड वाटीच्या शेजारी जमिनीवर आपटलं. पुन्हा उठली, भिंतीला टेकून दोन पावलं चालली, पुन्हा कलंडली. मला त्याच क्षणी कळलं होतं. बादली अजून तिथेच उपडी होती.

आईनं तिला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि आम्ही ऑटोनं बुलढाण्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाव-गाव विचारलं, मी काय करते ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, शिकलेलं माणूस आलं. नाहीतर लोक काय वाट्टेल ते लावून आणतात आणि मग आमच्यासमोर टाकतात. मग म्हणाले, “अंगाला काही लावलं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

आई शेजारच्या बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे. खोलीत फिनाईलचा वास एवढा होता की औषधाचा वास कोणाला येणार! डॉक्टर म्हणाले, उंदराचं औषध किंवा तसलं काही खाल्लेलं दिसतं. दोन इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटायच्या आत मांजर गेली. त्यानंतर मी तो घडीचा कागद उघडला. मांजरीवर वापरू नये, असं त्यात ठळक अक्षरांत होतं. चुकून लागलं तर लगेच साबणानं धुवावं, हेही होतं. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी आधी तिला धुतलं असतं. वाचली असती की नाही, मला माहीत नाही. मी ती संधी दिली नाही, एवढं माहीत आहे.

आईनं ‘उंदराचं औषध’ तेवढं उचललं. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंनी सोयाबीनच्या पोत्यांजवळ उंदरांसाठी औषध ठेवलं होतं, हे गल्लीला माहीत होतं. पोळ्याच्या दिवशी पुरणाचं ताट काकूंकडे गेलं नाही. नळावर आईनं चार बायांसमोर त्यांना ऐकवलं की, मुक्या जनावराचा जीव घेऊन कोणाचं भलं होत नसते. काकूंनी कळशी अर्धी भरलेली उचलली आणि घरी गेल्या. लहानपणी शाळेतून आल्यावर आई शेतात असली की मी ज्यांच्याकडे जेवले, त्या काकू.

मी आईला एकटीला गाठलं. म्हटलं, तुला सगळं माहीत आहे, मग काकूंवर काऊन ढकललं? ती भाकरी थापत होती, हात थांबवला नाही.

“मंग काय सांगू लोकायले? बी.एस्सी. झालेल्या पोरीनं वाचून वाचून मांजर मारली म्हणून?”

तिला मला वाचवायचं होतं. मला त्याचा रागच आला आणि अजूनही येतो, कारण तिचं ते वाचवणं मी गिळून घेतलं. दोन महिने.

दिवाळीच्या आधी मी काकूंकडे गेले. त्या तूर पाखडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बादलीपासून दवाखान्यापर्यंत. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. खडे वेचत म्हणाल्या, “मले माहीतच होतं वो, मी औषध डब्यात झाकून ठेवतो. पण आता माह्या घरात येऊन सांगून काय करतं? चार बाया होत्या नळावर. तिथं सांग.”

मी हो म्हणाले.

नळ रोज सुटतो. बायाही त्याच असतात. काकू आता सगळ्यांचं भरून झाल्यावर येतात, तोवर पाण्याची धार बारीक झालेली असते. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा आई सोबत होती, एकदा कोणीतरी मला नोकरीचं विचारलं. खरं कारण यातलं एकही नाही. इथं सगळं लिहिलं आहे, पण काकूंना वाचता येत नाही आणि नळावरच्या बायाही हे वाचणार नाहीत, हे धरूनच मी लिहायला बसले.