आईची पेटी

आंब्याच्या वासानं दुपारी डोळे जड व्हावेत अशा एका बागेतल्या चिऱ्याच्या खोलीत एक बाई पेट्या भरायची. प्रत्येक आंबा देठापाशी हुंगायची, क्षणभर डोळे मिटायची आणि निजलेलं तान्हं ठेवावं तसा तो पेंढ्यात ठेवायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मुंबईला आईकडे पेटी पाठवायला मी आणि दादा गेलो होतो. तिनं तळाला वर्तमानपत्र अंथरलं. त्यावर नेमका त्या नेत्याचा फोटो, ज्याच्यावरून आमच्या घरात जेवणं अर्धवट राहतात.

"साहेबांच्या तोंडावर पेंढा टाकता?" दादा भडकला.

"त्याची तीच लायकी आहे," मी म्हणालो.

मग दादानं मला देशद्रोही म्हटलं, मी त्याला आंधळा. बाईनं कागद अलगद पालथा घातला. आंबा हातात तसाच धरून तिनं विचारलं, "मग आईला पेटी एकच धाडायची, का दोन?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कळायला हवं होतं.

"एकच," आम्ही दोघंही पुटपुटलो.

यंदा दादाशी बोलणं तुटलेलं, मी एकटाच गेलो. तिनं माझ्यामागे दाराकडे पाहिलं आणि काही न विचारता लहान पेटी पुढे ओढली.