आत्याचा हात

आत्याचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. शाळेत तिने वर्गातल्या एकाचे दात पाडले. लग्नानंतर नवऱ्याने हात उगारला तेव्हा त्याच्या डोक्यात तवा घातला आणि तडक माहेरी परतली. माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, तिने जितकं बदडलं तितकंच त्यांच्यासाठी इतरांनाही बदडलं. अशा बाईच्या हाती पोलादाच्या कारखान्याने घण दिला, ही मला कारखान्याची अक्कल वाटते.

वितळलेलं पोलाद ओतून झालं की मोठ्या भांड्याच्या तळाशी मळीचा थर चिकटून राहतो. तो गरम आहे तोवर फोडावा लागतो. फोडणारा घण म्हशीच्या धडाएवढा, लोखंडी बाहूवर बसवलेला. आत्या मात्र तिथे नसायची. लांबच्या खोलीत, पडद्यासमोर दांडा धरून बसायची. धुरामुळे पडद्यावर तडा दिसत नसे, म्हणून बाबा भांड्याच्या तोंडाशी उभे राहून सळईने जागा दाखवायचे आणि झटकन हात काढून घ्यायचे. नियमाने तिथे माणूस असायलाच नको होता. पण नियम पाळत बसलं तर मळी थिजायची, हे साहेबांनाही पक्कं ठाऊक होतं.

पडद्यावरचं चित्र किंचित उशिरा यायचं आणि घणही किंचित उशिरा हलायचा. आत्याने त्यावर आपली तोड काढली होती. बाबांचा खांदा वळताना दिसला की ती दांडा ढकलायची. घण पोचेपर्यंत हात बाहेर आलेला असायचा. बहीणभावाचं हे इतकं जुळलं होतं, की बघणारा डोळे मिटून घ्यायचा.

मग घड्याळवाला आला. माणूस आणि लांबून चालवायचं यंत्र यांच्यातला उशीर मोजायचा आणि तो घालवायचा, हे त्याचं काम. त्याने आत्याच्या मनगटाला तारा चिकटवल्या आणि पडद्यावरच्या पळत्या ठिपक्यांमागे तिला दांडा फिरवायला लावला.

"काकू, दमलात का?"

"तुझ्या कानाखाली वाजवण्याइतकी ताकद आहे अजून."

त्या मोजमापावरून त्याने संगणकात आत्याच्या हाताचा नमुना बनवला. तिची बोटं दांड्यावर आवळली, की पुढे ती काय करणार हे नमुना ओळखायचा आणि घण तेव्हाच सोडायचा. आत्याला एवढंच सांगितलं, की यंत्र आता चपळ झालंय.

ज्या दिवशी नमुना जोडला, त्याच सकाळी बाबा हेल्मेट न घालता भांड्याजवळ गेले. आत्याने सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत भडकावली.

"मरायचंय का गधड्या? एक दिवस मीच चिरडीन तुला!"

दुपारी घण आदळला तेव्हा बाबांचा उजवा हात आतच होता. कोपराखाली काही उरलं नाही. हाड, बाही, सळई, सगळं मळीत एक झालं. आत्याला ते पडद्यावर उशिराच दिसलं. तिने तो पडदा डोक्याने फोडला.

"बाई तापट आहे, सकाळी बोललीच होती," असं कारखानाभर झालं. ते मी गिळलं असतं. पण बाबाही दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिला माझ्यासमोर आणू नका. तिने मुद्दाम केलंय." मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. इकडे कपाळाला टाके पडलेली आत्या जेवेना, झोपेना, आणि कुणाशी भांडेनासुद्धा. तिचं ते गप्प बसणं मला बघवत नव्हतं.

एक दिवस घड्याळवाला पांढराफटक चेहरा घेऊन घरी आला.

"काकू, हात बाहेर यायच्या आधीच तुम्ही दांडा ढकलता?"

"पहिल्यापासून. नाहीतर मळी फुटली असती होय?"

तो म्हणाला, "माझ्याकडे नुसते ठिपके होते. भाऊ नव्हता. म्हणजे हात निघायच्या आधी तुम्ही, आणि तुमच्याही आधी माझा नमुना."

पुन्हा चाचणी घ्यायची मागणी त्यानेच साहेबांकडे लावून धरली. दवाखान्यातून सुटलेल्या बाबांनाही तोच हातापाया पडून घेऊन आला. त्यांचा जुना शर्ट चिंध्यांनी भरून भांड्यापाशी खांबावर चढवला. दोरी ओढली की खांदा वळायचा आणि बाही बाहेर यायची.

आत्याला नव्या पडद्यासमोर बसवून नमुना चालू केला. खांदा वळला, आत्याची बोटं आवळली आणि घणाने बाही चेचली. दुसरी बाही लावली, तीही चेचली. तिसरीच्या चिंध्या जळत उडाल्या. प्रत्येक घावाला आत्या गुरासारखी ओरडत होती, पण दांडा सोडत नव्हती. मग नमुना बंद केला. खांदा वळला, तिने नेहमीसारखा दांडा ढकलला. घण मळीवर धाडकन पडला तेव्हा बाही बाहेर होती, शाबूत.

खोलीत मागे बसून बघणारे बाबा उठले, आत्यासमोर गेले आणि डावा हात उचलून तिच्या थोबाडीत मारली.

"ही त्या सकाळची."

सवय नसलेल्या हाताची थप्पड ती, रखडत आली. जिची चपळाई यंत्रात भरून घेतली होती, ती आत्या थप्पड येताना नुसती बघत राहिली. मग तिने दुसरा गाल पुढे केला.

"अजून एक मार. ही लागलीच नाही."

बाबांनी पुन्हा हात उगारला. तो तिच्या कपाळावरच्या टाक्यांपाशी येऊन थांबला.