सेकंड आल्टोचे कागद

आमच्या घरापासून विमानतळ रिक्षाने दहा मिनिटांवर. त्यामुळे मी देश सोडून निघाले तेव्हा निरोप द्यायला कुणाला लांब यावं लागणार नव्हतं, आणि बहुतेक म्हणूनच फारसं कुणी आलं नाही. ममा आली, धाकटा भाऊ नेव्हिल आला. पपा दारातच म्हणाला, "मी कशाला येऊ? तू डोक्यावरूनच जाणार ना? गच्चीतून बघतो."

सकाळची वेळ होती. पपाच्या गळ्यात सॅक्सोफोनचा पट्टा होता, कारण रोज त्या वेळी तो गच्चीत प्रॅक्टिस करायचा आणि मुलगी न्यूझीलंडला चालली म्हणून त्यात खंड पडायचं काही कारण नव्हतं. नेव्हिल तेव्हा चौदा वर्षांचा. माझी खोली त्यालाच मिळणार होती, तरी रडला. मी रडले नाही. तिकीट, पासपोर्ट, पिवळं फोल्डर, असं पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

विमान वर चढलं तेव्हा खिडकीतून मी गावठाण शोधलं. थोडी कौलं दिसली, चर्चचा मनोरा दिसला, मग सगळं पांढरं. गच्ची काही सापडली नाही. पपाला आत्ता थांबावं लागलं असणार, एवढा एकच विचार मनात आला.

हे थांबणं म्हणजे काय ते गावठाणाबाहेरच्यांना सांगायला हवं. अंधेरीत आमच्या डोक्यावरून सारखी विमानं जातात. पाहुणे वैतागतात, आम्ही बोलता बोलता वाक्य अर्धं सोडतो आणि आवाज गेला की पुढचं अर्धं बोलतो. पपा तसाच वाजवायचा. विमान आलं की सॅक्सोफोन मांडीवर, आणि पाय मात्र ताल मोजत राहायचा. ते गेलं की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे. कधी चिडला नाही. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाला, "गप्प बसलीस म्हणजे गाण्यातून बाहेर गेलीस असं नाही. मोजत राहा."

हा लेख नेव्हिलने गावठाणाच्या स्मरणिकेसाठी मागितला आहे. 'जॅझचा आपला वारसा' वगैरे काहीतरी लिही म्हणाला. मला वारसा लिहिता येत नाही. मला दोन कागदांची गोष्ट माहीत आहे, तीच लिहिते. जे मागे राहिले त्यांना ती अर्धी माहीत आहे, आणि जे माझ्यासारखे बाहेर गेले त्यांना उरलेली अर्धी.

पपा दिवसा कारखान्यात कामाला जायचा आणि संध्याकाळी जुहूच्या एका हॉटेलात वाजवायचा. तिथे जॅझ. शनिवार-रविवारी आपल्या लोकांची लग्नं. बँडमध्ये नऊ जण, त्यातले पाच आमच्याच गल्लीतले, ड्रमवर शेजारचे बॅसिल अंकल. सोळाव्या वर्षी पपाने मला सेकंड आल्टोच्या खुर्चीवर बसवलं. आल्टो म्हणजे सॅक्सोफोनमधला मधल्या अंगाचा. फर्स्ट आल्टो पपा. सेकंडकडे चाल नसतेच, तो बाजूला राहून फर्स्टला टेकू देतो. मी कुरकुर केली की ममा म्हणायची, "सगळेच पुढे चालले तर मागून कोण येणार गं?"

आपल्यात लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला जातात. लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर कळशा, पुढे बँड. त्या वेळी बायका जे गाणं म्हणतात त्याची चाल पपाने जॅझमध्ये बसवली होती. सुरुवात अगदी साधी, आज्या म्हणायच्या तशी, आणि विहिरीशी पोचेपर्यंत अख्खी मिरवणूक नाचायला लागलेली. विहीर बुजवून त्यावर झाकण टाकल्यावरसुद्धा बायका तिथवर जायच्या आणि बाजूच्या नळाचं पाणी भरायच्या. नळाला काही जॅझचं वावडं नव्हतं.

ही चाल पूर्ण अशी कुठेच लिहिलेली नव्हती. पपा प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा, थेट डोक्यातून. ट्रम्पेटवाल्याला ट्रम्पेटचं दिसतं, बाकीचं त्याने कानांनी ऐकायचं. सगळे कागद एका लाकडी पेटीत राहायचे आणि बँडचा नियम एकच होता. वाजवून झालं की कागद पेटीत. भांडा, बँड सोडून जा, गोव्याला जा नाहीतर दुबईला, पण कागद पेटीत ठेवून. पेटी बॅसिल अंकलच्या पलंगाखाली असायची, पण कायदा पपाचा.

मी निघायच्या चार दिवस आधी माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. तिथे आम्ही पाण्याचं गाणं वाजवलं, आणि बायकांनी मला ओढून नाचायला नेलं. जाताना कागद घाईत पिशवीतल्या पिवळ्या फोल्डरमध्ये सरकवले, पासपोर्टच्या मागे. ते पेटीत ठेवायचे राहून गेले. ऑकलंडला पोचल्यावर बघते तर ममाने दिलेली बाटली मसाल्याची, म्हणजे आमच्याकडच्या लाल तिखट मसाल्याची, बाटली हातातल्या बॅगेत फुटलेली, आणि फोल्डर नेमकं तिच्याखाली. दोन्ही कागदांच्या कडा लाल. अजून वास येतो.

पहिल्याच फोनवर मी पपाला सांगितलं, कागद चुकून इकडे आले, पाठवते. तो म्हणाला, "असू दे, तुझेच आहेत." मग विचारलं, तिथे थंडी किती. मला वाटलं, त्याच्याकडे दुसरी प्रत असेल. नसती तर पपाने कायदा मोडू दिला असता का? एवढं लॉजिक लावून मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

नंतरची वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. वृद्धाश्रमात नोकरी, त्याला इथे केअर होम म्हणतात. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, रोस्टर, भाड्याचं घर, मग हप्त्याचं घर. लग्न केलं, ते टिकलं नाही, त्याचंही फार दुःख झालं नाही. सॅक्सोफोन अंधेरीतच राहिला होता, दुसरा घेतला नाही. माझ्या भागात रात्रंदिवस इतकं शांत असतं की पहिली दोन वर्षं मी वाक्याच्या मध्ये थांबायचे आणि लोक विचारायचे, आर यू ओके?

पपा गेला तेव्हा कोविडमुळे सीमा बंद होत्या, त्यामुळे जायचा प्रश्नच नव्हता. ब्रेकरूममध्ये बसून फोनवर चर्चमधली अंत्यविधीची मिस्सा पाहिली. चित्र मध्ये मध्ये अडकत होतं. शवपेटीवर माती पडली, मग ब्रेक संपला आणि मी एका आजींना चहा द्यायला गेले. त्यांनी दोन बिस्किटं मागितली, मी दोन दिली. मला काही वाटत नव्हतं. संध्याकाळी वाटेल, असं स्वतःला सांगितलं. मग ममाला फोन करताना वाटेल. मग सीमा उघडल्यावर वाटेल. सीमा उघडल्या, आणि मी तिकीट काढलं नाही. लोक मला खंबीर म्हणाले. मी खंबीर नव्हते, दात काढायच्या आधी सुई देतात तशी बधिर होते, आणि ती सुई उतरतच नव्हती.

यंदा नेव्हिलचा मेसेज आला. तो आणि गावठाणातले काही जण दर रविवारी दहा वाजता चर्चच्या हॉलमध्ये जमतात. घराघरांतल्या माळ्यांवरून जुनी वाद्यं काढून दुरुस्त केलीत, बॅसिल अंकल शिकवतात. नुसते आपलेच नाहीत. मुलुंडची एक दातांची डॉक्टर ट्रम्पेट वाजवते, बोरिवलीच्या बँकेतल्या जोशीबाई माझा जुना आल्टो वाजवतात. मे महिन्यात क्रुसाच्या सणाला, प्रार्थना झाली आणि चणे वाटून झाले की, जुन्या वादकांच्या नावाने कार्यक्रम. शेवटी पपाचं पाण्याचं गाणं. पेटीत आठ वाद्यांचे कागद आहेत, सेकंड आल्टोचे नाहीत. "तुझ्याकडे असेल तर फोटो पाठव ना," त्याने लिहिलं होतं.

फोटो काढायला अर्धं मिनिट लागतं. मी सहा आठवडे काढला नाही. ड्रॉवर उघडायचे, मसाल्याचा वास यायचा, ड्रॉवर बंद करायचे. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. शेवटी बॅसिल अंकलचा आवाज आला, व्हॉइस मेसेजमध्ये, मध्ये एक अख्खं विमान:

"आयरिन, तुझा बाप येडा होता. बँड बंद पडेपर्यंत सहा वर्षं आम्ही ते गाणं भोक ठेवून वाजवलं. मी बोललो, दुसरा कागद लिही ना रे, तुला काय कठीण आहे? तर बोलतो, सेकंड आल्टो आयरिनकडे आहे. खुर्ची पण मांडायचा, रिकामी. लोक विचारायचे, कोण यायचंय? बोलायचा, लेट आहे. ए, फोटोबिटो नको मला. कागद पेटीत यायला पाहिजे. तू घेऊन ये."

म्हणजे दुसरी प्रत नव्हतीच. आणि कागद परत मागितला असता तर त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवावं लागलं असतं. मी तो मेसेज तीनदा ऐकला. मग तीन आठवड्यांची रजा टाकली. मॅनेजरने कारण विचारलं. फॅमिली, म्हटलं.

विमानतळावर नेव्हिल आला होता, पोट सुटलेलं, कानांपाशी केस पिकायला लागलेले. घरी ममाने मला आधी जेवायला वाढलं आणि मग मिठी मारली. पपाची खुर्ची गच्चीत तशीच होती. मी तिच्यावर बसून पाहिलं. समोर कौलांच्या जागी टॉवर. सहा विमानं गेली. काहीच झालं नाही, उन्हाने डोकं दुखायला लागलं तेवढंच.

रविवारी हॉलमध्ये गेले तेव्हा जोशीबाईंनी उठून माझा आल्टो माझ्या हातात दिला. "तुमचाच आहे," म्हणाल्या. वीस वर्षांनी पहिला सूर काढला तो बदकासारखा निघाला आणि सगळे हसले, मीही. दोन आठवडे बोटं सोलून घेतली.

सणाच्या दिवशी संध्याकाळी, उजेड असताना, क्रुसासमोर आम्ही नऊजण बसलो. पपाच्या जागी नेव्हिल. गाण्याच्या मध्यभागी सोळा बार, म्हणजे तालाची सोळा आवर्तनं, अशी आहेत जिथे माझ्या कागदावर एक जाड आडवी रेघ आहे, वर आकडा सोळा, म्हणजे तेवढे बार मी गप्प, आणि पेन्सिलीने पपाच्या अक्षरात 'ऐक'. तिथे पपा एकटा वाजवायचा, दर वेळी नवीन, त्यामुळे ते कुठेही लिहिलेलं नाही. नेव्हिल म्हणाला होता, मला ते जमणार नाही. डॉक्टरीणबाईंनी वाजवू का विचारलं. बॅसिल अंकल म्हणाले, कुणी नाही. मी ताल धरतो, बाकीचे मोजा.

तर आम्ही मोजलं. शंभरेक माणसं, लुगडी नेसलेल्या बायका, आणि फक्त ड्रमवर तारांच्या ब्रशचा आवाज. मला वाटलं होतं इथे मला रडू येणार. आलं नाही. मी सोळा मोजले आणि सतराव्याला आत आले, जरा फाटक्या सुरात पण बरोबर जागेवर.

संपल्यावर बायका नाचत होत्या आणि बॅसिल अंकल पेटी उघडून माझ्यासमोर उभे राहिले. मी ते दोन लाल कडांचे कागद आत ठेवले, ट्रम्पेटच्या कागदाखाली. आणि मला वाईट वाटलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा काहीतरी साफ वाटलं, आणि ते हे होतं, की आता पपाला कुणाला सांगता येणार नाही की मी लेट आहे. आता मी आलेली आहे, आणि तो नाही. अंकलनी झाकण लावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात खूप जड होता.

परतीचं विमान रविवारी सकाळी होतं. ममा रिक्षापर्यंत आली. नेव्हिल येतो म्हणत होता, मी म्हटलं, नको, प्रॅक्टिस चुकवू नको, मी डोक्यावरूनच जाणार आहे.

विमान सुटलं तेव्हा दहा वाजून गेले होते. या वेळी मी खिडकीतून काही शोधलं नाही. खाली बॅसिल अंकलनी हात वर केला असणार, आणि सगळ्यांनी वाद्यं मांडीवर घेतली असणार, माझ्या खुर्चीवर जोशीबाई, समोर माझे कागद. माझ्यामुळे ते थांबले असणार. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच आहे, की मी जाते तेव्हा तिथे कुणीतरी थांबतं, आणि मी गेले की जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू करतं. हे कळलं तेव्हा मला रडू आलं, पट्टा बांधलेला, दोन्ही हात मांडीवर. मी पायाने मोजत होते. चौदा. पंधरा. सोळा. आता सुरू झाले असतील.